बारापैकी पाच, सोळापैकी सहा

९ फेब्रुवारी

धाकटे,

अभिनंदन. हा एक शब्द लिहायला मला चार दिवस लागले, तेव्हा जपून ठेव.

आमच्या विभागात जिन्यापाशी एक फलक आहे. मागच्या सोमवारी त्यावर तुझ्या व्याख्यानाचा कागद लागला, फोटोसकट. 'एकपेशीय जीव पुन्हा पुन्हा बहुपेशीय का होतात?' फोटोत तू एक नळी उजेडाकडे धरून बघते आहेस. नळी अशी कुणी धरत नाही हे तुलाही ठाऊक आहे, फोटोवाल्याने धरायला लावली असणार. येणारा-जाणारा थांबून बघत होता. एकाने मला विचारलं, "ही तुमची कुणी लागते का? कपाळ अगदी तुमचं आहे." मी म्हटलं, लांबची. दोन दिवसांनी तो कागद कुणीतरी काढून नेला. कुणी ते कोण जाणे.

दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस. म्हणून हा कागद. फाडायचा झाला तरी आधी पाकीट हातात घ्यावं लागेल.

आई बरी आहे. मोडलेलं हाड जुळलं, आता वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत जाते. दर रविवारी तू तिला फोन करतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी घासत असते आणि नळ बारीक सोडते. आई तुला सांगते, मी ठणठणीत आहे. ठणठणीत राहायला तिला दिवसातून तीनदा कोण चालवतं, ते फोनवर ऐकू येत नाही. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा असा उजळलेला असतो की मला हातातलं पातेलं आपटावंसं वाटतं. दोनदा आपटलंही.

तू म्हणशील, ताईने पुन्हा तेच उगाळायला घेतलं. घेतलं. तीन वर्षांपूर्वी तू पंधरा दिवस सुट्टीला आलीस, तेव्हा मी तुला माझ्या बारा नळ्या दाखवल्या. त्यात यीस्ट, एकेकटी पेशी. रोज नळी पाच मिनिटं स्वस्थ उभी करायची, तळाशी बसलेला थेंब तेवढा उचलायचा आणि ताज्या खाद्यद्रवात सोडायचा, बाकीचं ओतून द्यायचं. एकटी पेशी तरंगत राहते, दोघी चिकटलेल्या असल्या तर लवकर बुडतात. रोज बुडणाऱ्यांनाच जगू दिलं तर कधीतरी चिकटून राहणाऱ्यांची वस्ती होईल, हा माझा विचार. माझा. तू हातात चहाचा कप घेऊन उभी होतीस (प्रयोगशाळेत चहा आणायचा नसतो) आणि म्हणालीस, "ताई, भारी आहे." वर्षभराने तुझ्याकडे सोळा नळ्या आणि तोच तळाचा थेंब. यीस्टच्या जागी हिरवं शेवाळ घातलं की झालं का वेगळं?

आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी तुला चारचौघांत चोर म्हटलं आणि तू न जेवता निघून गेलीस. शब्द मी परत घेत नाही. आवाज जरा चढला होता, एवढं कबूल.

वर्गात आपण दोघीही शिकवतो की एकट्या पेशीतून अनेक पेशींचं शरीर होणं हे पृथ्वीवर निदान पंचवीस वेळा तरी घडलं असावं. प्राण्यांचं वेगळं, झाडांचं वेगळं, बुरशीचं वेगळं, समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचं आणखी वेगळं. कुणी कुणाचं बघून नाही. पण त्या पेशींना सुट्टीत मोठ्या बहिणीची प्रयोगशाळा बघायला मिळाली नव्हती.

मावशी सांगत होती, जूनमध्ये तुझी कायमची जागा ठरणार, आणि तोवर पेपर स्वीकारला गेला नाही तर जागा दुसऱ्याला. तुझं होईल. तुझं नेहमीच होतं. सोळापैकी सहा नळ्यांत पुंजके आले म्हणून तुला लोक डोक्यावर घेतील. माझ्या बारापैकी पाच होत्या, आणि माझा पेपर वर्षभर आधी छापून आलाय. बारापैकी पाच हे प्रमाण जास्त आहे, एवढं गणित तुला येतं.

ताई


४ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी एक ओळ, तीही प्रश्न. 'सोळापैकी सहा हे तुला कुणी सांगितलं?' वर मायना नाही, खाली सही नाही. अक्षर मात्र अजून तसंच, डावीकडे कललेलं.

कुणी सांगितलं म्हणजे काय? अशा गोष्टी कळतात. डिसेंबरच्या परिषदेत जेवणाच्या रांगेत कुणीतरी बोललं. नाव आठवत नाही. उंच होता, चष्मा होता, ताट फार भरून घेतलं होतं. तुमच्याकडची माणसं बोलघेवडी असतील तर मी काय करू? या विषयावर मी आणखी काही लिहिणार नाही.

मोठी बहीण म्हणून एक मात्र सुचवते. त्या सहाही नळ्यांत ते आपापलं घडलं, हे तू कशावरून म्हणतेस? एका नळीत पुंजका झाला, तुझा हात हलला, एक थेंब शेजारच्या नळीत पडला, की संपलं. तळाचा थेंब उचलायची पद्धतच अशी आहे की एक पुंजका आत गेला तर महिन्याभरात ती अख्खी नळी त्याची. मग मोजायच्या सहा आणि घडलेलं एकदाच. सहाही नळ्यांची जनुकं वाचून घे. प्रत्येकीत वेगळा बदल सापडला तर मी मानेन.

आता आईचं. गेल्या आठवड्यात दवाखान्यातून येताना तिला प्रयोगशाळेत नेलं. आमच्या सहायक बाईंनी तिला उंच स्टूल दिलं नाही, स्वतःची खुर्ची दिली. या बाईंना सगळा विभाग 'काटेकोर' म्हणतो. पस्तीस वर्षं त्या एका नोंदवहीत रोज काय झालं ते लिहितात, कुणी शिंकलं तरी. मी आईसमोर नळी धरली. पांढरे कण सावकाश खाली येत होते. मी सांगितलं, आई-पेशीतून लेक-पेशी निघते, एरवी ती सुटून जाते, ह्यांच्यात ती सुटायचीच राहते. आई म्हणाली, "एक इथे राहिली, एक गेली, असं नाही ना होत त्यांच्यात? बरंय." काटेकोर बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मग ती म्हणाली, "हे तर माझं पाणी निवळायचं काम." आठवतं? नळाला गढूळ पाणी यायचं आणि आई तीन पातेली ओळीने मांडायची. पहिल्यातलं निवळलं की वरचं दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. आपण दोघी जमिनीवर पालथ्या पडून हनुवटीखाली हात घेऊन बघत बसायचो. मी म्हटलं, "आई, तू वरचं घ्यायचीस, मी तळाचं घेते. अगदी उलट." त्यावर ती आणखी काहीतरी बोलली, आता नीट आठवत नाही.

निघताना विचारते, "धाकटीकडेही असंच असतं का गं?" म्हटलं, तिच्याकडे हिरवं. "हिरवं छान दिसत असेल," म्हणाली. माझं पांढरं.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

चष्मेवाला उंच माणूस नव्हताच. त्या परिषदेला मी गेलेच नव्हते. आईचं हाड त्याच आठवड्यात मोडलं होतं.

तुझ्या पेपरचा निनावी परीक्षक क्रमांक दोन म्हणजे मी. तू केव्हाच ओळखलं असशील. मागच्या पत्रात मी परीक्षणातलीच वाक्यं जशीच्या तशी उतरवली, हे पत्र टाकून घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. पेटीत हात घालून ते काढता येतं का हे बघायला मी परत गेले. हात मनगटापर्यंतच जातो.

ऑक्टोबरमध्ये संपादकांची मेल आली. त्यांना काय माहीत, तुझं आडनाव माहेरचं आणि माझं लग्नातलं. लग्न टिकलं नाही, आडनाव तेवढं टिकलं. मला एवढंच कळवायचं होतं की लेखिका माझी सख्खी बहीण आहे, हे परीक्षण माझ्याकडे नको. तसं लिहिलंही. मग वाटलं, पाठवण्याआधी एकदा नुसतं उघडून बघू. पहिल्याच पानावर तुझ्या सोळा नळ्यांचं चित्र, सहांत तळाशी हिरवे मणी. मी उठून खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. लोक म्हणतात दुसऱ्याचं बघून पोटात दुखतं, ते खरोखरच पोटात दुखतं. बरगड्यांच्या खाली, डावीकडे. खुर्चीत बसून मी ती ओळ पुसून टाकली.

मग तीन महिने ते तसंच ठेवलं. संपादकांनी दोनदा आठवण केली, दोनदा मी कळवलं की घरी आजारपण आहे. आईच्या हाडाचा असा उपयोग केला. रोज चहा घेताना तुझा पेपर उघडायचा, एखादी चूक सापडते का बघायची, आणि बंद करायचा. जानेवारीच्या शेवटी परीक्षण पाठवलं. त्यात लिहिलं, नळ्या एकमेकींत मिसळल्या असण्याची दाट शक्यता वाटते. लिहिलं, लेखिकेचा हात पुरेसा तयार दिसत नाही.

तो हात मी तयार केलाय. तू सात वर्षांची होतीस आणि शाईच्या ड्रॉपरने थेंब मोजायला मी तुला शिकवलं, खिडकीच्या कट्ट्यावर, बाटलीची झाकणं मांडून. "हळू दाब, एकच पडू दे." तुझी जीभ बाहेर यायची. हे मला तेव्हाही आठवत होतं आणि तरी मी ते वाक्य लिहिलं.

पण आक्षेप खरा होता! हे मी सोडणार नाही. कुणीही शहाण्या परीक्षकाने हेच विचारलं असतं. तू मला पाण्यात पाहत असशील तर खुशाल पाहा, पण सहा नळ्यांची जनुकं वाचून दाखव. मी माझ्या पाचही नळ्या वाचायला पाठवल्यात, मला कुणी विचारलेलं नसताना. निकाल आला की तुला पाठवते, म्हणजे पाच वेगवेगळ्या नळ्या कशा दिसतात ते तुला कळेल.

तू संपादकांना एक ओळ लिहिलीस तर माझी नोकरी नाही, पण तोंड दाखवायची जागा जाईल. लिहू नकोस असं मी म्हणत नाही.

ताई


१८ मे

धाकटे,

जेवणाच्या टेबलावर दोन कागद आहेत. आई समोर बसून शेंगा सोलते आहे आणि मधूनमधून विचारते, "काय गं, काय झालं?" मी सांगते, काही नाही.

उजवीकडे तुझा सुधारलेला पेपर. संपादकांनी तो परत माझ्याकडेच पाठवला. सहाही नळ्या तू वाचून घेतल्यास. एकीत लेकी आईच्या भिंतीबाहेर पडायच्याच राहिल्या. एकीत गोंदासारखं काहीतरी स्रवतं. तिसरीत फक्त चारचे पुंजके, पाचवी आली की फुटतात. सहा नळ्या, सहा वेगळे बदल, कुणाचं कुणाशी जुळत नाही. कुणी कुणाचं बघितलेलं नाही. तू लिहिलंयस, 'प्रत्येक नळीने आपला रस्ता स्वतः शोधला.' तिथे मी पेन्सिलीने खूण केली, चूक म्हणून नव्हे. इतकं सुरेख काम मी गेल्या दहा वर्षांत वाचलेलं नाही आणि ते माझं नाही. मत्सर होतो म्हणजे काय होतं ते लिहून ठेवते: वाचताना आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच राग आला.

डावीकडे माझा निकाल. पाचही नळ्यांत एकच बदल. एकाच जनुकात, एकाच जागी, अगदी एकसारखा. पाच वेळा असा नेमका योगायोग होत नसतो. हे एकदा घडलं आणि चार नळ्यांत सांडलं. वर्षभर मी जिथे तिथे 'बारापैकी पाच' म्हणून मिरवत होते.

कसं सांडलं तेही सापडलं. मी काटेकोर बाईंकडे गेले. त्यांनी काही न विचारता वही काढली आणि बोट ठेवलं. दिवस चारशे सव्वीस, रविवार. 'मॅडम एकट्या. पिपेटच्या टिपांच्या खोक्यात आठच उरलेल्या. नवं खोकं निर्जंतुक व्हायला दोन तास. मॅडम थांबल्या नाहीत. टिप एकच वापरली, नळी चार ते आठ.' सोमवारी कचऱ्याच्या डब्यात बाराऐवजी आठच टिपा बघून त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी म्हणे सांगितलं होतं, चार ते आठ एकीनेच केल्या, काही होत नाही.

मी म्हटलं, "तुम्ही मला तेव्हाच का नाही बजावलंत?"

"बजावलं होतं, मॅडम. तुम्ही म्हणालात, दोन तासांत ती पुढे जाईल."

नळी बदलली की टिप बदलायची, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी आलेल्यालाही ठाऊक असतं. वाढदिवसाच्या भांडणानंतरचा तो आठवा दिवस होता. मी दोन तास थांबले नाही, कारण तू आठशे मैलांवर पुढे जाशील. तू तेव्हा काय करत होतीस? बहुतेक टिपा निर्जंतुक व्हायची वाट बघत होतीस.

आणि एक. मार्चमधल्या पत्रात मी लिहिलं होतं की आई आणखी काही बोलली, नीट आठवत नाही. चांगलं आठवतंय. ती म्हणाली, "तू सारखी विचारायचीस, वरचं कधी स्वच्छ होईल? धाकटीचं लक्ष खाली. ती म्हणायची, आई, तळाला कोण कोण बसलंय ते मला दे." मी म्हटलं, आई, तू काहीही सांगतेस. ती म्हणाली, "अगं, वाटीत घेऊन बसायची ना ती गाळ." मग मलाही दिसली ती वाटी. कडेला टवका उडालेली. तळाचा थेंब तुझ्या वाटीतला आहे, धाकटे. मी तो कधी उचलला मला माहीत नाही. चारचौघांत चोर तुला म्हटलं.

आता खरं अवघड पुढे आहे. तुझी मुलाखत बारा जूनला. मी संपादकांना सगळं कळवलं तर माझं परीक्षण बाद होणार, नवा परीक्षक शोधणार, त्याला दोन महिने तरी लागणार, आणि जागा तुझ्या हातून जाणार. मी गप्प बसून 'पेपर स्वीकारावा' असं लिहिलं तर तुला जागा मिळेल, पण बहिणीने चोरून दिलेल्या शिफारशीवर. हे उद्या कुणाला कळलं तर तुझं नाव माझ्याबरोबर चिखलात.

कळवणं हेच बरोबर. पण ते बरोबर आहे म्हणून मला करावंसं वाटतंय, की त्याने तुझी जागा जाईल म्हणून? प्रामाणिकपणाच्या नावाखाली तुझं वाटोळं करायची ही माझी शेवटची संधी आहे, आणि ती किती सोयीची आहे हे मला दिसतंय. तू इतके दिवस संपादकांना ती एक ओळ का लिहिली नाहीस? त्याचाही मला राग येतो. मनाचा मोठेपणासुद्धा तुझ्याच वाट्याला.

आई म्हणते, शेंगा झाल्या, टेबल आवर.

ताई


२० मे

धाकटे,

आज सकाळी साडेदहाला संपादकांना लिहिलं. लेखिका माझी सख्खी बहीण, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, परीक्षण आकसाने लिहिलं, मुद्दाम लांबवलं, सगळं रद्द धरावं. दुसरं पत्र माझा पेपर छापणाऱ्यांना. बारापैकी पाच हे खरं नाही, पेपर मागे घेते.

तुला विचारून पाठवावं असं दोन दिवस मनात होतं. पण मग ते ओझं तुझ्या डोक्यावर गेलं असतं. तू नको म्हणाली असतीस तर मी सुटले असते, हो म्हणाली असतीस तरी मी सुटले असते.

का पाठवलं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. बटण दाबताना 'आता तिची जागा गेली' हा विचार मनात आला आणि तो आल्यावर वाईट वाटलं. आधी वाईट वाटलं की आधी बरं वाटलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मावशीने विचारलं तर सांग, ताईमुळे गेली.

ताई


९ जून

धाकटे,

संपादकांनी तुला कळवलं असेलच. माझं परीक्षण त्यांनी फाइलमधून काढून टाकलं. नवा परीक्षक शोधणार नाहीत म्हणे. पहिल्या परीक्षकाने आधीच पसंती दिली होती, जनुकं वाचल्यावर शंका उरली नाही, म्हणून पेपर स्वीकारला. मला मात्र दोन ओळी आल्या. त्यांत 'आभार' हा शब्द नव्हता आणि यापुढे आमच्याकडून काही येणार नाही असं होतं.

वाचून मी काय केलं सांगू? आधी हुश्श केलं. मग मनात आलं, बघा, हिचं हेही निभावलं. सुधारले असं समजू नकोस.

विभागप्रमुखांनी बोलावलं होतं. अर्धा तास बोलले आणि मी खाली मान घालून त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत राहिले. पुढची दोन वर्षं विद्यार्थी मिळणार नाहीत. बाहेर आले तेव्हा लोकांनी माझ्यासाठी जिना रिकामा सोडला, एरवी कुणी सोडत नाही.

प्रयोगशाळेत गेले तर काटेकोर बाईंनी शीतपेटीतून एक खोकं काढून बर्फात मांडून ठेवलं होतं. आम्ही दर आठवड्याला प्रत्येक नळीतला थोडा भाग गोठवून ठेवतो, जुने दिवस पुन्हा बघता यावेत म्हणून. हे खोकं दिवस चारशे एकोणीसचं, म्हणजे माझ्या त्या रविवारच्या आठवडाभर आधीचं. "बघा तरी, मॅडम," म्हणाल्या. बारा कुप्या, एकेक करून वितळवल्या. प्रत्येकीला नवी टिप. बाई शेजारी उभ्या राहून टिपा मोजत होत्या, मला त्याचा राग आला नाही. मग बाराही वाचायला पाठवल्या, आणि आज कळलं.

अकरा नळ्यांत काहीही नाही. चार नंबरात तो बदल आहे, अगदी थोड्या पेशींत. म्हणजे पाच वेळा नाही. एकदा. सांडण्याआधी, कुणाला न दिसता, चार नंबरात एकदा घडलं होतं.

एवढंच उरलं ते तुला सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगायला तोंड नाही, आणि आईला सांगितलं तर ती म्हणेल, "मग धाकटीच्या सहा का?"

मुलाखतीला ती निळी साडी नको नेसूस, त्यात तू आजारी दिसतेस.

ताई


३० जून

धाकटे,

जागा मिळाल्याची बातमी मला आईकडून कळली. तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे नळ बारीक सोडला होता. आईने फोन ठेवला आणि ओरडली, "नळ बंद कर आणि बाहेर ये, तुला ऐकायचंच असतं ना दर वेळी!" इतकी वर्षं तिला माहीत होतं. बाहेर गेले तर रडत होती. मग मीही थोडी रडले. थोडी तुझ्यासाठी, बाकीची माझ्यासाठी.

काल तुझं कार्ड आलं. आईने आधी हात लावला म्हणून मी ते तिच्या हातातून जवळजवळ ओढलंच. या वेळीही एकच ओळ. 'एकदा तर झालं ना, ताई.'

मी ते तीनदा वाचलं. शेवटचा शब्द दोन वर्षांनी दिसला. तू हे मनापासून लिहिलंयस की दया म्हणून, हा प्रश्न माझ्या मनात आला, येणारच. मग मी तो तसाच सोडला आणि कार्ड स्वयंपाकघरात घड्याळाखाली टेकवून ठेवलं.

आज सकाळी बारा नव्या नळ्या लावल्या. दिवस पहिला. पाच मिनिटं त्यांच्यासमोर नुसती बसले. तळाला काहीच नव्हतं, सगळ्या एकेकट्या तरंगत होत्या. काटेकोर बाईंनी वहीत लिहिलं, 'मॅडम पाच मिनिटं थांबल्या.'

आणखी एक कबुली, मग संपलं. जिन्यापाशी लागलेला तुझा फोटो मीच काढला होता. पाच महिने तो माझ्या खालच्या खणात हातमोज्यांच्या खोक्याखाली होता. आज दुपारी परत फलकावर लावला. व्याख्यान होऊन गेलं, पण फोटो राहू दे. मागच्या वेळचाच माणूस आला, थांबला आणि विचारलं, "ही तुमची लांबची ना?" म्हटलं, सख्खी. धाकटी.

जरा वाकडा लागलाय. बाईंनी विचारलं, सरळ करू का? म्हटलं, राहू द्या तसाच.

तुझी
ताई